वृंदा, तुझे किडे गोरे झाले

वृंदा,

तुझे किडे जिवंत आहेत. हे आधी सांगून टाकते, कारण तू असतीस तर दारात चपला काढायच्या आधी तेच विचारलं असतंस. माझं ब्लडप्रेशर, महेशचं जेवण, मुक्ताचा अभ्यास, सगळं त्यानंतर. तर जिवंत आहेत, खातात, डब्याच्या तळाशी सरपटतात. पण मधल्या दिवसांत माझ्या हातून जे झालं ते सांगायला मला तोंड नाही. उभा जन्म म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोरांना "खरं सांग, मी मारणार नाही" असं म्हणत घालवला. आता पाळी माझ्यावर आली आहे, आणि मारायला तू नाहीस.

तू गेलीस तेव्हा घरात माणसं मावेनात. आपल्या जुन्या चाळीतले सगळे आता याच टॉवरमध्ये वर-खाली राहायला आलेत, त्यामुळे लिफ्ट दिवसभर आपल्याच मजल्यावर थांबत होती. जो येई तो माझा हात धरून म्हणे, "केवढी शिकलेली सून तुमची. काय संशोधन करायची हो?" मी सांगायची, "प्राण्यांवर." पुढचं कोणी विचारलं नाही, आणि विचारू नये म्हणून मी पटकन पदर डोळ्यांना लावायची. किडे म्हणायला जीभ रेटेना. तुझ्यासाठी लावलेल्या दिव्यासमोर बसून मी तुझं काम लपवत होते, आणि लोकांना वाटत होतं म्हातारीला रडू आवरत नाही.

आठवतं, तू पहिल्यांदा ते किडे कुठून आणलेस? गिरगावात माझ्या बहिणीच्या वाडीत ती जाळी घातलेली जुनी विहीर आहे ना, तिथून. दर वर्षी वाडीतल्या बायका त्या विहिरीला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. आणि तू काय केलंस, तर मलमलच्या फडक्यात बकऱ्याची कलेजी बांधलीस, दोऱ्याने जाळीतून खाली सोडलीस आणि तो दोरा माझ्या हातात दिलास! "आई, जरा धरा, हलवू नका." वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काय चाललंय ओ मावशी?" मी तितक्याच जोरात ओरडले, "पाण्याची तपासणी आहे, म्युनिसिपालिटीची!" तू तोंडावर हात दाबून हसत होतीस. मुक्ता तेव्हा दुसरीत होती. तिने तुझ्या मोबाइलवर तुझा तसाच फोटो काढला. विहिरीच्या कठड्याशी उकिडवी बसलेली, केस सुटलेले, दुपारचं ऊन थेट तोंडावर, आणि दात दिसेपर्यंत हसणारी. हा फोटो लक्षात ठेव, त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

दोरा वर ओढला तर फडक्याला नखाएवढ्या लांबीचे तपकिरी, चपटे जीव चिकटलेले. मी म्हटलं, "ह्या काय गो? जळू?" तू म्हणालीस, "जळू नाही आई, चपटे कृमी. हे कोणाला चावत नाहीत. बघा, डोळे बघा." माझं वाचायचं भिंग तू माझ्या पर्समधून काढून माझ्याच हातात दिलंस. दोन बारीक काळे डोळे, आणि तेही तिरळे. मला हसू फुटलं. त्यातल्या एकाच किड्याचे तू पुढे तुकडे केलेस, तुकड्यांचे किडे झाले, त्यांचे आणखी तुकडे केलेस, आणि परळच्या तुझ्या प्रयोगशाळेत त्या एकाचीच पिलावळ वाढली. बाप नाही, आई नाही, सगळे स्वतःच स्वतःचे वारस. महेश म्हणायचा, बरं आहे, प्रॉपर्टीची भांडणं नाहीत.

मग तुझं आजारपण सुरू झालं आणि रोज परळला जाणं जमेना, तेव्हा तू एक डबा घरी घेऊन आलीस. मी किती आदळआपट केली! सिंकखालचं कपाट रिकामं करून दिलं, पण तीन दिवस तुझ्याशी नीट बोलले नाही. त्यांच्या जेवणाचा दिवस सोमवार, आणि माझा सोमवारचा उपास. मी म्हटलं, "तुझ्या किड्यांना मंगळवार चालत नाही का? त्यांना कुठे ऑफिस आहे?" तू म्हणालीस, "वेळापत्रक बदललं की प्रयोग बदलतो, आई." मी म्हटलं, "माझा महादेव काय तुझ्या प्रयोगात बसत नाही?" हे भांडण आपण मिटवलंच नाही. तू सोमवारी दार लावून कलेजी वाटायचीस, मी देवासमोर मोठ्याने स्तोत्र म्हणायची, आणि मुक्ता मध्ये बसून दोघींची नक्कल करायची.

पण खरं सांगू का, मला ते किडे आवडायला लागले होते. तुला कधी कळू दिलं नाही. तू दुपारी झोपलीस की मी कपाटाचं दार किलकिलं करून भिंगातून बघायची. एकदा पकडलंस तू मला. ओरडशील असं वाटलं, तर माझ्या शेजारी जमिनीवर बसलीस, हाताला सलाईनची पट्टी तशीच, आणि डोकं कापलेला एक किडा दाखवलास. म्हणालीस, "नवं डोकं आलंय बघा." बघितलं तर अंग तपकिरी आणि पुढचं टोक पांढरं फटक, आणि त्या पांढऱ्यात दोन डोळे. मी विचारलं, "डोळे आले, मग रंग कुठाय?" तू म्हणालीस, "रंग मागून येतो. आधी डोकं, मग डोळे, मग रंग."

त्या दुपारी तू मला जे शिकवलंस तेवढंच मला तुझ्या कामातलं कळलंय. कातडीच्या आत रंगाच्या वेगळ्या पेशी असतात. त्या जन्मतात आणि मरतात. किड्याच्या अंगभर मूलपेशी विखुरलेल्या असतात, त्या अजून कोणीच झालेल्या नसतात, त्यांतल्या काही पुढे रंगाच्या पेशी होतात. कोण होणार आणि कधी, हे त्यांना कोण सांगतं, ते तू शोधत होतीस. कलेजीत काहीतरी कालवून तू एक जनुक गप्प करायचीस, मग त्या किड्याचा रंग एकदा गेला की परत येतच नसे. बाकी सगळं ठाकठीक, फक्त रंगाची पेशी घडत नाही. मी म्हटलं, "म्हणजे रंग बाहेरून लागत नाही?" तू म्हणालीस, "आतून येतो, आई." मी जरा थांबून विचारलं, "मग माणसाचं पण असंच? बेसन लावून काही होत नाही म्हणतेस?" तू हसलीस. "बेसन लावून बेसन वाया जातं."

तो टोमणा कुणाला होता हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. शीवला तुला बघायला आलो होतो तेव्हा मी जिन्यात बहिणीला म्हणाले होते, "पोरगी हुशार आहे, रंगाचं मनावर नको घ्यायला, पोरं महेशवर जातील." तू वर कठड्याशी उभी होतीस. ऐकलंस, आणि तरी होकार दिलास. नंतर कधीतरी सांगितलंस की महेशने खालूनच तुझ्याकडे बघून कान पकडले होते म्हणून. आणि पोर महेशवर गेली नाही. मुक्ता तुझ्यावर गेली, रंगासकट. तेव्हापासून दर रविवारी मी तिला बेसन, साय आणि हळद लावत आले. प्रेमाने लावत होते ग. माझ्या आईने मला लावलं, मी मुक्ताला लावत होते. तू एवढंच म्हणायचीस, "आई, ती मळलेली नाही." मी म्हणायची, "मळलेली कोण म्हणतंय? जरा उजळली तर बिघडलं कुठे?"

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तू पुन्हा तो विषय काढलास. तुझा आवाज अगदी खोल गेला होता. "आई, मुक्ताला पीठ लावू नका." मी तुझी चादर सारखी करत म्हटलं, "तू आधी बरी हो, मग बघू." मला वाटलं, आता कसला वाद घालायचा. तुला मात्र वाद नको होता, तुला शब्द हवा होता. मी तो दिला नाही. तू डोळे मिटलेस आणि मी नर्सला बोलवायला म्हणून बाहेर गेले. नर्सचं काही काम नव्हतं.

यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

तेराव्यासाठी तुझा फोटो करायचा होता. महेशला काही सुचत नव्हतं. मुक्ता म्हणाली विहिरीवरचा फोटो घ्या, तो तिने काढलेला. मीच मोबाइल घेऊन खालच्या स्टुडिओत गेले. तो पोऱ्या कॉम्प्युटरवर फोटो उघडून म्हणाला, "आजी, बॅकग्राउंड निळं करू?" मी म्हटलं, कर. "केस सेट करू?" मी म्हटलं, कर. "आणि फेस?" मी तुझ्याकडे बघितलं. ऊन तोंडावर होतं, सावळा रंग चकाकत होता. आणि मी म्हणाले, "जरा उजळ करा." कोणी सांगितलं नव्हतं, वृंदा. कोणी विचारणार नव्हतं. तू मेली होतीस, तुझ्या स्थळाची चिंता कोणाला नव्हती. तरी माझ्या तोंडून तेच निघालं. त्याने एक बटण सरकवलं आणि तू गव्हाळ झालीस, आणखी सरकवलं तशी गोरी झालीस. मी बघत राहिले आणि मला बरं वाटलं. तेवढं मात्र मला स्वतःपासून लपवता येत नाही.

फोटो भिंतीवर लागला. माणसं हार घालून, हात जोडून गेली. कोणालाच काही खटकलं नाही. बायका म्हणाल्या, किती छान आलाय. फक्त मुक्ता त्या खोलीत येईना. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट आतल्या खोलीत. मी म्हटलं, आईला नमस्कार कर. ती म्हणाली, "ही कोण आहे?" मी रागावले. म्हटलं, असलं अभद्र बोलायचं नाही. महेश जेवता जेवता थांबला, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा जेवायला लागला. तेव्हाच त्याला कळलं असणार. तो काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मी माझ्या सोयीने घेतलं.

तेराव्यालाच घर धुवायला काढलं. सिंकखालचं कपाटसुद्धा पुसायचं होतं. शेजारची काकी कोपऱ्याकोपऱ्यात गोमूत्र शिंपडत येत होती, आणि मला धस्स झालं. ते पाण्यात पडलं तर तुझे किडे जायचे. मी डबा छातीशी धरून गॅलरीच्या खिडकीत नेऊन ठेवला, माठाशेजारी. त्याच्या भोवती ओलं फडकं गुंडाळलं. तुझी शिकवण विसरले नव्हते, गारवा पाहिजे. माघ होता, हवेत गारवा होता म्हणून निभावले बिचारे. कपाट सुकलं, पण मी डबा परत आत नेला नाही. वाटलं, कशाला कोंडायचं त्यांना अंधारात? आपण त्या चाळीच्या खोलीत दिवसा दिवा लावून जगलो, माझी अर्धी नजर तिथेच गेली. आता चौदाव्या मजल्यावर एवढा उजेड आहे, तर तुझ्या पोरवड्यालाही मिळू दे. मला वाटत होतं मी तुझ्यासाठी काहीतरी करतेय.

रोज पाणी बदलायची. सोमवारी, माझ्या उपासाच्या दिवशी, नाक दाबून कलेजी वाटायची. महादेवाला म्हटलं, समजून घे. आणि आठवडाभरात किडे फिके पडायला लागले. मग आणखी फिके. मग एक दिवस बघते तर पांढरे, दुधाच्या सायीसारखे, आणि त्यांत ते तिरळे डोळे तेवढे काळेभोर. वृंदा, मी काय म्हणाले असेन? तू ओळखतेस मला. मी मुक्ताला हाक मारली. "मुक्ते, धाव! आईचे किडे बघ कसे गोरे झालेत! माझ्या हातचं पाणी लागलं त्यांना."

मुक्ता आली. डब्यात वाकून बघितलं. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "आज्जी, तू आईला पण असंच केलंस."

मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला.

त्याच आठवड्यात तुझी रेश्मा आली, तुझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी. तिचे डोळे सुजलेले. प्रयोगशाळेतल्या थंड खोलीचा एसी सुट्टीत बंद पडला आणि तिथले सगळे किडे मेले, असं तिने सांगितलं. विहिरीतल्या त्या एका किड्याचे वारस आता फक्त आपल्या घरी. ती न्यायला आली होती. मुक्ता दाराशी उभी होती. आणि मी, मला अक्कल किती, मी मिरवत डबा आणून तिच्यापुढे ठेवला. "बघ ग, किती उजळलेत. वृंदाच्या हाताखाली कपाटात काळवंडले होते."

रेश्माने डबा उचलला, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काकू, हे कुठे ठेवले होते?" मी दाखवलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, हे गोरे नाही झाले. यांच्या रंगाच्या पेशी मेल्यात. यांच्या रंगातच असं काहीतरी असतं, की फार उजेड पडला की तो त्या पेशीवरच उलटतो. म्हणून तर हे दगडाखाली, विहिरीत राहतात." तिने डबा जरा तिरका केला. "बघा, आता आरपार दिसतंय." मी भिंग लावलं. खरंच होतं. पोटाच्या फांद्या दिसत होत्या, सोमवारची कलेजी त्यांत तशीच लाल. मी ज्याला गोरेपण म्हणत होते ते उघडं पडलेलं आतडं होतं.

मी विचारलं, "मग आता मरतील?" ती म्हणाली, "नाही, मरणार नाहीत. आम्ही कधी कधी मुद्दाम असं करतो, रंग कसा परत येतो ते बघायला. वृंदाचं अर्धं काम त्यावरच तर होतं. अंधारात ठेवा, खायला द्या. मूलपेशी नव्या रंगपेशी करतील. पण यांना आधी बरंच सोसावं लागलंय, तर खात्री मी देत नाही." तिने अर्धे किडे एका बरणीत घेतले, अर्धे आपल्याकडे ठेवले. सगळे एका घरी ठेवायचे नाहीत असं तू म्हणायचीस म्हणाली. जाताना भिंतीकडे तिचं लक्ष गेलं. फोटोसमोर उभी राहिली, हात जोडले, आणि मग मान जरा बाजूला कलवून बघत राहिली, ओळखीचं माणूस गर्दीत शोधावं तशी. मी आत निघून गेले.

लाज काय असते हे मला वाटायचं मला माहीत आहे. ती नव्हती माहीत. ती अशी असते की आपल्याच घरात कुठे बसावं कळत नाही. बाहेरच्या खोलीत बसले तर तो फोटो. स्वयंपाकघरात बसले तर सिंकखाली ते कपाट. गॅलरीत बसले तर ती खिडकी, आणि तिच्यात एवढा उजेड.

त्यानंतरचा रविवार आला. मी बेसन भिजवलं नव्हतं. खरं तर ठरवून नाही, मनच नव्हतं. अंघोळीच्या आधी मुक्ता स्वतःच वाटी घेऊन आली. तिने स्वतः कालवलं होतं, गुठळ्या राहिलेल्या, हळद जास्त पडलेली. माझ्यासमोर पाटावर बसली, डोळे घट्ट मिटले आणि तोंड वर केलं. म्हणाली, "लाव आज्जी. जास्त लाव. म्हणजे नंतर माझा फोटो बदलायला नको."

मी काय करायचं होतं, तू सांग. मला रडूसुद्धा आलं नाही. मी वाटी तिच्या हातातून घेतली आणि तशीच बसून राहिले. ती डोळे मिटून वाट बघत होती. तिच्या पापण्या तुझ्यासारख्या आहेत, लांब. कपाळ तुझं. रंग तुझा. एवढ्या जवळून मी तिला दर रविवारी बघत होते आणि मला दिसत होतं ते फक्त काय पुसायचं आहे ते. शेवटी तिनेच एक डोळा उघडला. "काय झालं?"

मी म्हटलं, "ऊठ. याचं पिठलं करते."

"हळद जास्त झालीय."

"होऊ दे."

पिठलं कडवट झालं. महेशने दोनदा घेतलं. काय झालं ते त्याला मुक्ताने सांगितलं असणार, कारण ताट उचलताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी त्याची आई असताना. मला तेही सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टुडिओत गेले. पोऱ्याने ओळखलं. "काय आजी, फ्रेम तुटली?" मी म्हटलं, "नाही. हिचा रंग परत घाल." त्याला कळेना. "म्हणजे?" मी म्हटलं, "होती तशी कर. ते निळं काढ, मागची विहीर येऊ दे. केस सुटलेले होते, सुटलेले ठेव." तो म्हणाला, "आजी, डार्क येईल हां. मग बोलू नका. लोक इथे उजळ करायला येतात, काळं करायला तुम्ही पहिल्याच." त्याच्या खुर्चीमागे गिऱ्हाइकं उभी होती, आपल्याच बिल्डिंगमधली. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "काळं करायचं नाहीये बाळा. मी पुसलं होतं, ते परत आणायचंय." मागे कोणीतरी खाकरलं. माझे कान तापले होते, पण मी हलले नाही.

तो फोटो आता भिंतीवर आहे. तू उकिडवी बसलेली, ऊन तोंडावर, दात दिसेपर्यंत हसणारी. मुक्ता शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि दारातच थांबली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आज्जी, तुझा अंगठा आलाय कोपऱ्यात." खरंच आलाय. दोरा धरलेला माझा अंगठा. स्टुडिओवाल्याने पहिल्यांदा तो कापला होता.

आणि किडे. रेश्माने सांगितल्याप्रमाणे ते कपाटात आहेत, ओल्या फडक्यात. मी रोज बघत नाही, भीती वाटते. मुक्ता बघते आणि मला बातमी देते. कितीतरी दिवस बातमी एकच होती, पांढरेच आहेत. मग परवा ती ओरडली, मी गुडघे धरत जमिनीवर बसले, भिंग लावलं. आधी काही दिसेना. मग एकाच्या पाठीवर, डोळ्यांच्या मागे, बारीक तपकिरी ठिपके दिसले. रांगोळीचे ठिपके काढून कोणीतरी उठून गेल्यासारखे, अजून न जोडलेले. दुसऱ्यावरही होते. एकावर काहीच नव्हतं. रेश्माला फोन लावला तर ती तिकडे रडायला लागली. म्हणाली, तिच्याकडच्यांनाही आलेत. सगळ्यांना पूर्ण रंग येईल का, हे ती अजूनही सांगत नाही. तू शोधत होतीस ते शोधायचं राहिलंय, ती करणार आहे म्हणाली. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण आता कोणी विचारलं की मी सांगते, "माझी सून किड्यांवर काम करायची. गेलेला रंग परत कसा येतो त्यावर." लोक दचकतात. दचकू देत.

मला माफ कर असं मी म्हणणार नाही. तू हसून सोडून दिलं असतंस, जिन्यातलं सोडलंस तसं, आणि मला ते सोडून दिलेलं नको आहे. मला एवढंच लागून राहिलंय की हे सगळं तू असताना दोन शब्दांत होण्यासारखं होतं. हॉस्पिटलात, चादर सारखी करताना.

काल ठिपके बघून झाल्यावर मुक्ता तिथेच जमिनीवर माझ्या मांडीला टेकली. म्हणाली, "आज्जी, आई दिसायला छान होती?"

मी म्हटलं, "हो."

"मग तिला सांगितलंस कधी?"

"नाही."

ती म्हणाली, "आता सांग."

म्हणून लिहायला बसले. वृंदा, तू देखणी होतीस. त्या दिवशी शीवच्या जिन्यात मी वर बघितलं तेव्हाच मला ते दिसलं होतं, आणि मी दुसरंच बोलले. मुक्ताला पीठ लावणार नाही. हा शब्द देते. तिने माझ्या खांद्यावरून हे आत्ताच वाचलंय, आणि म्हणतेय, खाली सही कर.

तुझी,
आई